वाटेतली गाडी आणि हातातली नोट

‘हल्ली बायकांना घरी स्वयंपाक नको असतो, गाड्यांवर गर्दी कुणाची असते ते बघा.’ हे वाक्य मी नगरमध्ये लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, दवाखान्याच्या बाकावर ऐकलं आहे आणि महिला दिनाच्या व्यासपीठावरही ऐकलं आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. सावेडीत बसते आणि अधूनमधून तालुक्यांतल्या शिबिरांना जाते. समोर आलेल्या बाईला मी ‘काय खाता?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारते. पैसे रोज मिळतात, आठवड्याला की महिन्याला? ते तुमच्याच हातात राहतात का? कामावरून घरी कोणत्या रस्त्याने येता आणि त्या रस्त्यावर काय काय विकायला असतं? एवढं कळलं की ती काय खात असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि तो सहसा चुकत नाही.

माझी आई विड्या वळायची. नगर शहरातल्या पद्मशाली वस्त्यांमध्ये त्या काळी घराघरांत हेच चाललेलं असे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं आणि हातात कात्री. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात माल जमा करताना छाट निघाली, म्हणजे काही विड्या नाकारल्या गेल्या, तर तेवढी मेहनत वाया. हजाराचा आकडा गाठायचा तर बसल्या जागेवरून उठणं परवडत नसे. भाकरी-कालवणाला बसायचं म्हणजे आधी तंबाखूचे हात घासून धुवायचे, ताट घ्यायचं, जेवायचं, भांडी आवरायची. तेवढ्यात पन्नासेक विड्या हुकल्या. मग दुपारची भूक चहा आणि बटरवर भागायची. बटर म्हणजे लोणी नव्हे, बेकरीतला तो कडक, गोल पाव. माल जमा करून परतताना वाटेवर भेळेची गाडी असे. आई आमच्यासाठी एक पुडा बांधून आणायची आणि स्वतः तिथेच उभ्याने चार घास खायची. तिच्या दिवसातलं पहिलं गरम किंवा चमचमीत खाणं ते. शेजारच्या बायकाही तसंच करायच्या. या बायकांना कुणी चोचलेवाल्या म्हटलं तर मला आजही राग येतो.

त्यांच्या खाण्यामागचा हिशेब मला फार उशिरा, शिक्षण झाल्यावर कळला. रोजावर किंवा नगावर काम करणाऱ्या बाईच्या हातात पैसा सुट्या नोटांनी येतो. दहाची, वीसची, फार तर पन्नासची नोट. बाजारात या नोटांना काय मिळतं ते पाहा. वडापाव पंधरा-वीस रुपयांत, भज्यांची प्लेट तेवढ्यातच, वेफर्सचा पुडा पाच-दहा रुपयांत. डाळ किलोवर, तेल पिशवीवर, सफरचंद किलोवर. केळी डझनावर मिळतात आणि दोन मागितली तर काही विक्रेते तोंड वाकडं करतात. बटाटेवडा विकणाऱ्याने आणि पाच रुपयांचा पुडा बनवणाऱ्या कंपनीने बाईच्या हातातली नोट नीट ओळखली आहे. पौष्टिक म्हणून आम्ही सांगतो ते बहुतेक सगळं मात्र महिन्याचा पगार एकदम घेणाऱ्याच्या मापात बांधलेलं आहे.

म्हणून ‘उत्पन्न’ म्हणजे निव्वळ आकडा, असं मला वाटत नाही. महिन्याला बारा हजार एकरकमी मिळवणारी बाई आणि रोज चारशे रुपये मिळवणारी बाई कागदावर एकाच गटात बसतात. पहिली किराणा भरते. दुसरी त्या-त्या दिवसापुरतं आणते, आणि तेवढ्यापुरतं घेतलेलं प्रत्येक ग्रॅमला महाग पडतं. तिला फुकट सल्ला द्यायला मात्र पुष्कळ जण असतात.

दुसरी गोष्ट परिसराची. घर, काम, शाळा, बसस्थानक या रोजच्या फेऱ्यात जे विकायला आहे, ते कितीला आहे, किती वाजेपर्यंत आहे आणि तिथे बाईला थांबता येतं का, या सगळ्याला आमच्या अभ्यासात अन्नपरिसर म्हणतात. शेवटचा मुद्दा पुस्तकांत फारसा नसतो, नगरमध्ये मात्र तो पावलोपावली दिसतो. खानावळीत एकटी बाई जेवायला बसलेली तुम्ही कितीदा पाहिली? माळीवाडा किंवा तारकपूर स्थानकाच्या आसपास राइस प्लेट मिळते. वरण-भात, दोन भाज्या, चपात्या, म्हणजे बऱ्यापैकी चौरस जेवण. पण आत सगळी पुरुषांची टेबलं. दारापर्यंत जाऊन ‘नको, त्यापेक्षा वडापाव घेते’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी मला भेटल्या आहेत. गाडीवर उभं राहून पाच मिनिटांत खाता येतं, कुणी बघत नाही, पार्सल घेऊन एसटीत बसता येतं. पुरुषाला उपलब्ध असलेला रस्ता आणि बाईला उपलब्ध असलेला रस्ता एकच नसतो, मग नकाशावर तो एकच का दिसेना.

या संदर्भात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मला नेहमी आठवतो. बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांतल्या पाच हजारांवर तरुण स्त्री-पुरुषांची नोंद १९८५-८६ पासून ठेवली गेली. पंधरा वर्षांच्या माहितीवरून २०११ मध्ये जो निष्कर्ष आला तो असा: जवळ फास्ट फूडची दुकानं जास्त असली की कमी उत्पन्नाचे लोक ते जास्त खातात, आणि हा परिणाम पुरुषांमध्ये अधिक ठळक दिसतो. सुपरमार्केट जवळ असण्याचा मात्र चांगल्या आहाराशी म्हणावा तसा संबंध आढळला नाही. म्हणजे चांगलं दुकान उघडून दिलं की लोक चांगलं खातील, इतकं ते सरळ नाही. बाईच्या बाबतीत अंतरापेक्षा वेळ, लाज, सोबत आणि हातातली नोट यांचं वजन जास्त असतं, असं माझं नगरमधल्या अनुभवावरून मत आहे.

वेळेचंच घ्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. नागापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगला किंवा जुळणीला जाणारी बाई पहाटे उठून नवऱ्याचा डबा, मुलांचे डबे भरते. स्वतःच्या डब्यात उरलेली चपाती आणि लोणचं टाकते, कधी तेही टाकत नाही. माझ्याकडे आलेल्या एकीने सांगितलं, ‘ताई, तीन डबे भरले की चौथा भरायचा कंटाळा येतो, आणि माझा डबा कुणी विचारत नाही.’ दुपारी ती गेटबाहेरच्या गाडीवर समोसा किंवा पॅटीस खाते. संध्याकाळी पाळी सुटल्यावर परत चायनीजच्या गाडीजवळून जाते. तिथे घरासाठी एक मंचुरियन, एक फ्राइड राइस बांधून घेते. कारण घरी पोहोचल्यावर चुलीपाशी उभं राहायचा तास-दीड तास त्या शंभर-दीडशे रुपयांत तिला विकत मिळतो.

कारखाना म्हटला की उपाहारगृह असेलच, अशी वाचकाची समजूत असेल. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यालाच उपाहारगृहाची सक्ती करता येत होती. २०२० च्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा १०० वर आणली, हे चांगलं झालं. पण नगरमध्ये काय किंवा पारनेर तालुक्यातल्या सुप्यात काय, मोठ्या कंपन्यांच्या आजूबाजूला वीस-तीस-चाळीस माणसांचे कितीतरी छोटे कारखाने असतात, आणि तिथल्या बायका १०० च्या अटीतही बसत नाहीत. एका कंपनीत सवलतीच्या दरात पोळी-भाजी-वरण, आणि रस्ता ओलांडला की पलीकडच्या शेडमधल्या बाईला फक्त गाडी. पगारात फरक असतोच, पण पगार सारखा असता तरी दोघींचं जेवण सारखं झालं नसतं.

आता वरच्या उत्पन्नाकडे येऊ. सावेडीतला प्रोफेसर कॉलनी चौक, भिस्तबाग चौक, पाइपलाइन रस्ता, गुलमोहर रस्ता या भागात संध्याकाळी फिरलात तर पावभाजी, दाबेली, मोमो, पिझ्झा, बर्गर, आईस्क्रीम, सगळं एका फेरीत दिसेल. इथल्या नोकरदार घरांत पैसा महिन्याला येतो, शीतकपाट भरलेलं असतं, भाजी दारात येते. तरीही बाहेरचं खाणं वाढलं आहे, आणि त्याचं कारण भूक नाही. शिक्षिका, बँकेतल्या मुली, परिचारिका मला सांगतात की शुक्रवारी-शनिवारी तरी चुलीला सुट्टी हवी. मोबाइलवर मागवलं की घरात कुणी कुरकुर करत नाही. गरीब बाई गाडीवर खाते कारण दुसरा पर्याय तिच्या वाटेत नाही. सधन बाई मागवते कारण घरातल्या कामात वाटेकरी नाही. दोघींच्या रक्तातल्या साखरेला हा फरक कळत नाही, पण उपाय सांगताना आम्हाला तो कळायला हवा.

बाहेरच्या खाण्याचा वाटा वाढतो आहे हे आकड्यांतही उतरलं आहे. घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत पेयं, फराळाचे पदार्थ आणि तयार अन्न यांचा एक गट असतो. १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारतात महिन्याच्या खर्चातले साधारण ४ टक्के या गटावर जात. २०२३-२४ मध्ये ते ९.८४ टक्के झाले, शहरांत ११.०९ टक्के. खेड्यात आज फळांवर होतो त्याच्या दुपटीहून जास्त खर्च या गटावर होतो. आणि दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचं चित्र असं: २३.४ टक्के जास्त वजनाच्या, २०.८ टक्के कमी वजनाच्या, आणि ५४.२ टक्के रक्तक्षय असलेल्या. आधीच्या पाहणीत रक्तक्षयाचं प्रमाण ४८ टक्के होतं. पोटात कॅलरी जातात, लोह जात नाही, असा याचा सरळ अर्थ मी लावते. वजन सत्तरच्या वर आणि हिमोग्लोबिन आठ, अशी बाई माझ्यासमोर येते तेव्हा तिच्या घरचे विचारतात, ‘एवढी जाड आहे, मग रक्त कमी कसं?’

याचं उत्तर वड्यातच आहे. एका वडापावातून ३०० च्या आसपास कॅलरी मिळतात. त्या येतात मैद्यातून, बटाट्यातून आणि तेलातून. प्रथिनं बेताची, लोह नाममात्र, मीठ भरपूर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं. नगर हा बाजरीचा आणि ज्वारीचा मुलूख. बाजरीच्या भाकरीत, हरभऱ्याच्या पाल्यात, मटकीत हे लोह आहे. त्यावर लिंबू पिळलं तर ते अंगीही लागतं. जेवणालगत चहा घेतला तर त्याचं शोषण बरंच कमी होतं. आणि गाडीवरचं खाणं चहाशिवाय पूर्ण होत नाही. तेलाचं तर विचारूच नका. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. गाडीवरच्या कढईत ते मोजायला कोण येतं? तेल काळं पडलेलं आणि ताटाला चिकट लागणारं दिसलं तर तिथे खाऊ नका, एवढंच मी बायकांना सांगू शकते.

नगरला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलींविषयी थोडं सांगते, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडहून आलेल्या या मुली खोली घेऊन राहतात. वडील महिन्याला ठरावीक पैसे पाठवतात. दूध किंवा कांद्याचे पैसे झाले की पाठवतात, असंही असतं. महिन्याच्या सुरुवातीला मेस लावलेली असते. रविवारी संध्याकाळी मेस बंद, तेव्हा मॅगी किंवा दाबेली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पैसे आटले की काही जणी एका वेळेची मेस बंद करतात आणि दुसरी वेळ वडापावावर काढतात. पाळी अनियमित झाली, केस गळायला लागले, म्हणून त्या येतात. मुलीला खोलीवर शेगडी लावायला घरमालकाची परवानगी नसते. तिने शिजवायचं कुठे?

खेड्यात परिसर वेगळा, पण पाच रुपयांचा पुडा तिथे शहराच्याही आधी पोहोचला आहे असं मला कधीकधी वाटतं. किराणा दुकानाच्या दारात वरून खाली लोंबणाऱ्या त्या रंगीत लडी अकोले तालुक्यातल्या डोंगराळ वाड्यांतही दिसतात. भाजी आठवडे बाजारातून येते, पुडा रोज मिळतो. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणं जपली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाल, घेवडे, भात, रानभाज्या अशी त्यांची बियाणे बँक पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. त्या बाईने आपल्या परसातच एक अन्नपरिसर उभा केला. परसात वाल असला तर लेकीला दुकानात पाठवायची गरज पडत नाही. सरकारनेही इथे एक चांगलं पाऊल उचललं आहे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस गरम जेवण देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. ते जेवण ताटात वाढलेलं असतं, तिथेच बसून खायचं असतं. याचं महत्त्व मोठं आहे, कारण घरी दिलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो आणि बाईच्या वाट्याला शेवटी काय उरतं ते सांगायला नको.

पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या बाजूने ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गोष्ट आणखी निराळी. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल हंगामाआधीच घेतलेली. म्हणजे उत्पन्न आधीच खर्च झालेलं. रात्री तीन-चारला उठून भाकऱ्या थापून फडावर जायचं. तळावर भाजी मिळत नाही. जवळच्या दुकानातून उधारीवर मीठ, मिरची, चहा, साखर आणि पोरांच्या हाती द्यायला पुडे. मूल रडू नये म्हणून दिलेला पुडा आईही अर्धा खाते. याला फास्ट फूड म्हणायचं का, असं मला एका शिबिरात विचारलं गेलं. म्हणायचं, असं माझं उत्तर आहे. जे झटकन मिळतं, शिजवावं लागत नाही आणि ज्यात मैदा-मीठ-तेलाखेरीज काही नाही, ते पिझ्झ्याच्या खोक्यातून आलं काय आणि लडीतून तोडलं काय.

पूर्वीही बायका बाहेरचं खात होत्या. काष्टीचा शनिवारचा बाजार, घोडेगावचा शुक्रवारचा, लोणीचा बुधवारचा. बाजारच्या दिवशी भेळ, भजी, जिलेबी व्हायचीच, आणि त्या दिवसाची वाट पाहिली जायची. आठवड्यातून एकदा असलेली ती चैन आता दररोज वाटेत उभी आहे. त्यात गेल्या तीन-चार वर्षांत दोन मोठे बदल झाले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, आणि ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये अनेकींच्या स्वतःच्या खात्यावर जमा होऊ लागले. बाई घराबाहेर पडू लागली, तिच्या हातात तिचा पैसा आला. मला याचा मनापासून आनंद आहे. एका शिबिरात साठीतल्या आजी सांगत होत्या की, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या मर्जीने स्टँडवर मिसळ खाल्ली. त्यांना मी तेलाच्या तर्रीबद्दल एक अक्षर बोलले नाही. बाईच्या हातात पैसा आला तर ती वायफळ खर्च करेल, ही भीती घालणाऱ्यांच्या बाजूला मी कधीच उभी राहणार नाही. मात्र तिचा पैसा जिथे खर्च होणार, तिथे तिच्यासाठी चांगलं काय ठेवलं आहे, हा प्रश्न आपण सगळ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

तो सोडवता येतो, आणि याच राज्यात तो अनेकदा सोडवला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांना कामाच्या जागी सुकडी मिळाली. आमच्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या बायका अजून तिची चव सांगतात. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. पुढे ती बंद पडली, आणि अनेक ठिकाणी त्या टपऱ्यांवर दुसरंच काही विकलं जाऊ लागलं. पण कल्पना वाईट नव्हती. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. हातातल्या दहाच्या नोटेला मिळणारं ताटभर जेवण ते. त्या रांगेत बायका कमी दिसायच्या, याचं कारण मी वर सांगितलंच आहे. बायकांसाठी वेगळं बाक आणि बांधून नेण्याची सोय एवढं केलं असतं तर ते चित्र पालटलं असतं.

जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला तेव्हा गोळ्या-औषधांच्या आधी अन्न आणि पाणी हा प्रश्न हाती घेतला. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. या बायकांचं शेजारणींनी ऐकलं, कारण त्या तिथल्याच होत्या. घरात काय पिकतं, कुणाच्या हातात पैसा असतो, हे त्यांना माहीत होतं. आहाराचा सल्ला देणाऱ्या आम्हा सगळ्यांना जामखेडकडून अजून पुष्कळ शिकायचं आहे.

गाड्या हटवा, असं मी म्हणत नाही. कितीतरी गाड्या बायकाच चालवतात, त्यावर त्यांची घरं चालतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्के आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. या समित्यांनी जागा ठरवताना एमआयडीसीच्या फाटकाजवळ, बसस्थानकात, महाविद्यालयाच्या रस्त्यावर उकडलेली अंडी, सुटी केळी, उकडलेल्या किंवा भाजलेल्या शेंगा, मोडाची उसळ, ताक आणि भाकरी-पिठलं विकणाऱ्यांना प्राधान्य द्यावं. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. दोन्ही वीस रुपयांच्या आत बसतं, हात खराब होत नाहीत, उभ्याने खाता येतं. बचत गटांच्या प्रदर्शनात थालीपीठ, शिपी आमटी, बाजरीची भाकरी खायला अर्धं नगर लोटतं. तेच बचत गट वर्षभर पाळी सुटण्याच्या वेळेला फाटकावर का उभे राहू नयेत? त्यांना जागा, पाणी आणि वीज द्या. ग्राहक आधीच तिथे उभा आहे. आणि वडापावच्या गाडीवाल्या ताईलाही याच समितीतून सांगता येईल की, कढईच्या शेजारी एक पातेलं उसळीचं ठेवा.

वाचणाऱ्या भावांना एकच सांगणं आहे. घरी तीन डबे भरले जात असतील तर चौथा तुम्ही भरा. आणि वाचणाऱ्या बहिणींना सांगणं असं: ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, असा आपल्या राज्यात कायदाच आहे. येत्या सभेत पाणी आणि रस्त्याबरोबर हा विषयही मांडा. अंगणवाडीशेजारी, शाळेशेजारी, एसटी थांब्यावर काय विकलं जातं ते लिहून न्या, वीस रुपयांत काय मिळायला हवं तेही लिहून न्या, आणि ठराव करून घेतल्याशिवाय उठू नका.